टीव्ही सारखा बंद पडतोय? टेक्निशियन दारात येण्याआधी करायची कामं

गणपतीला बारा दिवस राहिले असताना आमचा ४३ इंची स्मार्ट टीव्ही आपोआप बंद होऊन पुन्हा चालू व्हायला लागला. घेऊन जेमतेम सात महिने झाले होते. आई संध्याकाळी मालिका लावायची, पंधरा-वीस मिनिटं सुरळीत जायची, मग पडदा काळा, मग कंपनीचं चिन्ह, मग सगळं पहिल्यापासून. “ह्याला उचकी लागल्ये,” आई म्हणाली. बिघाडाचं इतकं नेमकं वर्णन पुढच्या तीन आठवड्यांत एकाही टेक्निशियनने केलं नाही.

आमचं घर गुहागर तालुक्यात, सर्व्हिस सेंटर चिपळूणला. एकेका फेरीसाठी चार-पाच दिवस वाट बघायची. पहिला आला तो म्हणाला, नेट स्लो आहे. दुसरा म्हणाला, व्होल्टेजचा प्रॉब्लेम. तिसऱ्याने मागचं झाकण उघडायचे कष्टही घेतले नाहीत. “काका, खारी हवा. समुद्राकाठी असंच होणार.”

यातलं एकही कारण साफ खोटं नव्हतं, आणि तीच तर अडचण. किनाऱ्यावर नेट मंद असतं, लाइट नाचते आणि हवा खारी असते. त्यामुळे ही तीन कारणं कुठल्याही टीव्हीला कधीही चिकटवता येतात. ती आपल्या टीव्हीला लागू नाहीत हे दाखवायचं काम आपसूक आपल्यावर येतं. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक्स शिकावं लागत नाही. एक पेनड्राइव्ह, एक मोबाइल आणि एक वही पुरते.

आधी पेनड्राइव्ह

टीव्ही बिघडला की आपण सगळ्यांत आधी राउटर बंद-चालू करतो. त्याआधी हे करा. मोबाइलमधला एखादा अर्ध्या-पाऊण तासाचा साधा एमपी-फोर व्हिडिओ पेनड्राइव्हवर घ्या. टीव्हीचं वायफाय सेटिंगमधून बंद करा आणि तो व्हिडिओ लावा. आता नेट नाही, यूट्यूब नाही, सेटटॉप बॉक्स नाही. मध्ये आहे तो फक्त टीव्ही आणि वीज.

व्हिडिओ शेवटपर्यंत नीट चालला, तर टीव्हीचं पॅनल (म्हणजे चित्राचा पडदा), आवाज आणि वीजपुरवठ्याचा भाग बहुधा ठीक आहे. दोष नेटमध्ये किंवा अ‍ॅपमध्ये शोधायचा. पेनड्राइव्हवरही टीव्ही बंद पडला, तर नेटचा विषय तिथेच संपला. आमचा सतराव्या मिनिटाला पडला. मी समोर मोबाइल धरून शूटिंग करत होतो आणि बाजूला भिंतीवरचं घड्याळ चौकटीत येईल असं बघितलं होतं. त्या एका व्हिडिओने पहिल्या टेक्निशियनचं कारण निकालात निघालं.

दुसरी चाचणी एचडीएमआयची. सेटटॉप बॉक्स किंवा लॅपटॉप एचडीएमआय केबलने जोडा आणि तासभर चालू ठेवा. इथे चित्र स्वच्छ आणि अ‍ॅप लावली की मात्र रखडतंय, असं असेल तर टीव्हीचा पडदा चांगला आहे, त्याच्या आतला संगणक अशक्त आहे. ही बातमी बरी म्हणायची, कारण त्यावर स्वस्त इलाज आहे. तो पुढे येईल. आणि टीव्ही मध्यरात्री आपोआप चालू होत असेल तर भुताखेतांवर जाण्याआधी सेटिंगमध्ये एचडीएमआय सीईसी बंद करून बघा. सेटटॉप बॉक्स जागा झाला की या सोयीमुळे तो टीव्हीलाही उठवतो.

तिसरी चाचणी मोबाइल हॉटस्पॉटची. घरचं वायफाय बाजूला ठेवून टीव्ही मोबाइलच्या नेटवर लावा. इथे चाललं तर दोष राउटरचा किंवा नेटवाल्याचा.

आणखी तीन छोट्या खुणा. रिमोट चालत नसेल तर मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. कॅमेऱ्यात जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोट जिवंत आहे. आवाज येतोय पण पडदा काळा असेल, तर खोलीत अंधार करून पडद्यावर तिरपी बॅटरी मारा. पुसट चित्र हलताना दिसलं तर बॅकलाइट (पडद्यामागचा उजेड) गेला आहे, पॅनल नाही. उभी रेघ कायमची दिसत असेल आणि ती टीव्हीच्या मेन्यूवरही येत असेल, तर ते बहुतेक पॅनलचंच दुखणं.

लाइट नाचते म्हणजे नेमकं काय

बहुतेक स्मार्ट टीव्हींच्या पाठीवरच्या चिकटपट्टीवर ‘१००-२४०’ व्होल्ट असं छापलेलं असतं. वाचून बघा. याचा अर्थ असा की व्होल्टेज १६० झालं, पंखा रडतखडत फिरायला लागला, तरी टीव्हीला त्याचं फारसं काही वाटत नाही. त्याला मारतो तो वरचा झटका. आपला घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा. वादळात माडाची झावळ तारांवर पडून न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) तुटला, तर तीन फेजच्या लाइनवरच्या काही घरांत व्होल्टेज त्याच्या कितीतरी वर चढू शकतं. खूण सोपी आहे: एका घरात दिवे डोळे दिपवतील इतके प्रखर, शेजारी मिणमिणते. असं दिसलं की टीव्ही रिमोटने नाही, मेन स्विचने बंद करायचा आणि महावितरणला १९१२ वर कळवायचं. मिळालेला तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवा, कारण पुढे टीव्ही जळाल्याचं दिसलं तर त्या दिवसाची नोंद हाताशी असावी लागते.

स्पाइक गार्डवर फार भिस्त ठेवू नका. त्यातला संरक्षक भाग क्षणभराचा झटका पचवतो आणि दर झटक्याला थोडा झिजतो. व्होल्टेज मिनिटभर चढून राहिलं तर त्याचा उपयोग नाही. टीव्हीसाठी घ्यायचा तर जास्त व्होल्टेजला पुरवठा तोडणारा आणि लाइट परत आल्यावर थोडं थांबून जोडणारा स्टॅबिलायझर घ्या.

आर्थिंगचं आमच्याकडे वेगळंच दुखणं आहे. घराखाली जांभा. पावसात ओला असतो तोवर ठीक, पण एप्रिल-मेमध्ये तो कोरडा ठणठणीत होतो आणि आर्थिंग नावापुरतं उरतं. नेमकं त्याच दिवसांत वळवाच्या विजा कडाडायला लागतात. वायरमनकडून उन्हाळ्यात एकदा आर्थिंग तपासून घ्या. पावसाळ्यात तपासलेलं फसवं असतं. आणि विजा सुरू झाल्या की फक्त प्लग काढून भागत नाही. छपरावरच्या डिशची केबल आणि राउटरची लॅन केबलही काढा. आमच्या वाडीत ज्यांचे टीव्ही विजेने गेले, त्यांतल्या दोघांनी प्लग काढलेला होता, डिशची वायर तशीच होती.

दुसऱ्या टेक्निशियनच्या ‘व्होल्टेज’ला उत्तर द्यायला मी दोन गोष्टी केल्या. प्लगमध्ये खोचायचा आकडे दाखवणारा छोटा व्होल्टमीटर आणला आणि आठवडाभर सकाळ, संध्याकाळ, रात्र असे आकडे लिहिले. मग टीव्ही घरच्या इन्व्हर्टरवर लावला आणि मेन पाडून पेनड्राइव्हचा तोच व्हिडिओ चालवला. महावितरणची लाइट घरात नाही, तरी टीव्हीला उचकी. म्हणजे व्होल्टेजही सुटलं. तुमचा इन्व्हर्टर साइनवेव्ह, म्हणजे लाइनसारखीच सलग लहरीची वीज देणारा, असेल तरच हा पुरावा धरा. जुन्या स्क्वेअरवेव्हवर टीव्हीने नखरे केले तर कंपनी त्याच्याकडेच बोट दाखवेल.

चिऱ्याच्या भिंती आणि वायफाय

नेटची रड खरी असेल तेव्हा काय? नेटफ्लिक्स स्वतः फुल एचडीला सेकंदाला ५ मेगाबिट आणि फोर-केला १५ मेगाबिट वेग सुचवतं. मोबाइलवर वेग मोजताना ओटीवर राउटरशेजारी उभं राहून मोजू नका, माजघरात टीव्ही आहे तिथे जाऊन मोजा. दोन चिऱ्याच्या भिंती मध्ये आल्या की आकडा कसा उतरतो ते दिसेल. बऱ्याच राउटरमध्ये ५ गिगाहर्ट्झ आणि २.४ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे असतात. पाचचा वेगवान पण भिंतीपुढे लवकर हात टेकणारा, २.४चा सावकाश पण जास्त लांब पोचणारा. जाड भिंतींच्या घरात टीव्ही २.४वरच टाकून बघा. त्याहून चांगला उपाय म्हणजे सरळ लॅन केबल ओढणं. जुन्या घरात भोक पाडायची गरज नाही, कौलांखालच्या वाशांवरून केबल नेता येते. फक्त उंदरांसाठी पाइपात घाला.

भरलेलं पोट

स्वस्त टीव्ही सुस्त होतात त्याचं कारण बहुधा साधं असतं. खोक्यावर ‘८ जीबी’ लिहिलेलं असतं, त्यातली बरीच जागा कंपनीचं सॉफ्टवेअर आधीच खाऊन बसलेलं असतं, आणि रॅम एक-दीड जीबी. सुट्टीत भाच्यांनी चार गेम टाकले की तो धापा टाकायला लागतो. सेटिंगमध्ये अ‍ॅप्सच्या यादीत जा, न लागणारी काढा, उरलेल्यांचा कॅशे (साठलेला तात्पुरता डेटा) साफ करा. मग प्लग काढून दोन मिनिटं थांबा. रिमोटचं लाल बटण दाबल्याने टीव्ही बंद होत नाही, नुसता डुलकी घेतो. महिनोन्‌महिने खरं बंद न झालेले टीव्ही मी पाहिले आहेत. तारीख-वेळही बघा. लाइट जाऊन घड्याळ भलत्याच वर्षात गेलं असेल तर नेट असूनही अ‍ॅप उघडत नाहीत.

सॉफ्टवेअर अपडेटबद्दल एक कळकळीची सूचना: पावसाळ्यात, मळभ दाटलेलं असताना अपडेट लावू नका. अर्ध्यात लाइट गेली की टीव्ही कंपनीच्या चिन्हावर कायमचा अडकू शकतो, मग बोर्डात सॉफ्टवेअर पुन्हा भरायला सर्व्हिस सेंटरच लागतं. आपोआप अपडेट बंद ठेवा, कोरड्या दिवशी सकाळी इन्व्हर्टर चालू असताना करा. फॅक्टरी रिसेट हा शेवटचा उपाय, आणि त्याआधी सगळे पासवर्ड लिहून ठेवलेत ना, ते बघा.

एवढं करूनही अ‍ॅप रखडत असतील आणि एचडीएमआयवर चित्र उत्तम असेल, तर नवा टीव्ही घेऊ नका. एचडीएमआयमध्ये खोचायची स्ट्रीमिंग स्टिक घ्या. जुन्या टीव्हीवरची अ‍ॅप कंपन्याच बंद करतात, तेव्हाही हाच मार्ग. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०१९ मध्ये काही जुन्या सॅमसंग टीव्हींवरून आपलं अ‍ॅप काढून घेतलं, त्या टीव्हींचे पडदे चांगले धडधाकट होते.

खारी हवा, पाली आणि मुंग्या

खाऱ्या दमट हवेने बोर्डाचे सांधे आणि कनेक्टर गंजतात, यात वाद नाही. पण सात महिन्यांत? गंज डोळ्याला दिसतो. तेव्हा “खारी हवा” असं ऐकलं की शांतपणे म्हणायचं, “झाकण उघडा, गंजलेला भाग दाखवा, फोटो घेऊ द्या आणि जॉबशीटवर तसं लिहा.” जॉबशीट म्हणजे टेक्निशियन भेटीची नोंद करतो तो कागद. आमच्याकडे चौथ्या फेरीला झाकण उघडलं तेव्हा बोर्ड स्वच्छ निघाला. एका कोपऱ्यात पालीची दोन अंडी होती, एवढंच.

पाली आणि मुंग्या ही थट्टा नाही. उबेला त्या आत जातात, आणि कीटक-प्राण्यांनी केलेलं नुकसान, गंज, वीज पडणं, पाणी शिरणं या गोष्टी वॉरंटी कार्डावर सहसा वगळलेल्या असतात. कार्ड आजच वाचा. टीव्ही पश्चिमेच्या पावसाने भिजणाऱ्या भिंतीवर लावू नका, मागे चार बोटांची तरी मोकळी जागा सोडा, आणि हवेची भोकं कापडाने बुजवू नका. पावसाळ्यात रोज अर्धा तास तरी टीव्ही चालू ठेवावा, स्वतःच्या उबेनेच तो आतली ओल घालवतो. चाकरमान्यांची बंद घरं असतात तिथे जाताना प्लग आणि डिशची केबल काढायची, रिमोटमधले सेलही काढायचे. गणपतीला येऊन कुलूप उघडल्याउघडल्या टीव्ही लावू नका. खिडक्या उघडून खोली निदान अर्धा दिवस सुकू द्या.

वॉरंटीत असेपर्यंत गावातल्या ओळखीच्या मेकॅनिककडून झाकण उघडून घ्यायचा मोह टाळा. तो कदाचित जास्त हुशार असेल, पण सील तुटलं की कंपनीला आयतं निमित्त मिळतं.

तक्रार कशी लिहायची

कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधून लावू नका. तिथे भामट्यांचे नंबर पेरलेले असतात. वॉरंटी कार्डावरचा किंवा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचाच घ्या. समोरचा मोबाइलमध्ये एखादं अ‍ॅप टाकायला किंवा ‘दहा रुपये नोंदणी’ भरायला सांगत असेल तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा.

फोनवर तक्रार केलीत तरी त्याच दिवशी ईमेलही करा. त्यात मॉडेल नंबर, सिरीयल नंबर, बिलाची तारीख, आणि दोष असा लिहा: “१७ ते २० मिनिटांनी आपोआप रीस्टार्ट होतो. वायफाय बंद ठेवून पेनड्राइव्हवरही होतो. इन्व्हर्टरवरही होतो. व्हिडिओ सोबत.” “टीव्ही नीट चालत नाही” असं लिहिलंत तर पहिल्यापासून पुन्हा नेट स्लो.

टेक्निशियन आला की त्याच्याशी भांडू नका. तो बिचारा चिपळूणहून मोटरसायकलवर पावसात आलेला असतो आणि संध्याकाळपर्यंत त्याला अजून सहा घरं असतात. चहा द्या, व्हिडिओ दाखवा आणि टीव्ही त्याच्यासमोर वीस मिनिटं चालू ठेवा. तो थांबायला तयार नसेल तर तेही जॉबशीटवर लिहून घ्या. एका बाबतीत मात्र ठाम राहा. काम संपल्यावर आपल्या मोबाइलवर तक्रार बंद करायचा कोड येतो. “काका, कोड द्या, पार्ट आला की परत येतो,” असं म्हणतात. दिलात की कंपनीच्या दप्तरी तुमचा टीव्ही दुरुस्त झाला. मी पहिल्या दोन वेळा दिला होता, म्हणून तिसरी तक्रार त्यांच्याकडे ‘नवी’ म्हणून नोंदली गेली. दुरुस्ती होऊन दोन दिवस टीव्ही नीट चालेपर्यंत कोड द्यायचा नाही.

१९१५ आणि त्यापुढे

पंधरा दिवसांत हालचाल नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. मराठीतही बोलता येतं. हेल्पलाइनला कंपनीवर हुकूम काढायचा अधिकार नाही, ती तक्रार कंपनीकडे पोचवते आणि पाठपुरावा करते. पण माझ्या अनुभवात तक्रार कंपनीतल्या वेगळ्या टेबलावर जाते, आणि तिथला माणूस “खारी हवा” म्हणत नाही. टीव्ही ऑनलाइन घेतला असेल तर त्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्यालाही लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते.

तरीही नाही झालं, तर स्पीड पोस्टाने कंपनी आणि दुकानदार दोघांना पंधरा दिवसांची नोटीस पाठवा आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. रत्नागिरी जिल्ह्याचा रत्नागिरीला, सिंधुदुर्गाचा ओरोसला, रायगडचा अलिबागला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीचं कार्यालय दिल्लीत असलं तरी बिघडत नाही. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जायचं. २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते, व्हिडिओवरून सुनावणीचीही मागणी करता येते. कायद्यात निकालाची मुदत ३ महिने, वस्तू प्रयोगशाळेत तपासावी लागली तर ५. प्रत्यक्षात त्याहून जास्त धरून चाला. मागताना नुसती दुरुस्ती मागू नका. बदली टीव्ही किंवा व्याजासह पैसे, शिवाय त्रास आणि खर्च, असं सगळं एकदमच लिहा.

वॉरंटी संपल्यावरचा हिशेब वेगळा. बॅकलाइटच्या पट्ट्या किंवा वीजपुरवठ्याचा बोर्ड बदलणं बहुधा परवडतं आणि तालुक्याच्या ठिकाणी ते करणारे असतात. पॅनल गेलं तर दरपत्रक मागा, आणि आकडा बघून बहुतेक वेळा तुम्ही स्वतःच नव्या टीव्हीच्या दुकानात जाल. त्या दुकानात किती इंची हे विचारायच्या आधी एवढं विचारा: सर्व्हिसवाला कुठून येतो, आणि पॅनलची वॉरंटी किती वर्षांची.

१९१५ वर तक्रार केल्यापासून नवव्या दिवशी आमच्याकडे फोन आला, पाचव्या फेरीला नवा मेन बोर्ड आला. तोवर गौरी जाऊन दोन दिवस झाले होते आणि ज्या चाकरमान्यांसाठी टीव्ही नीट हवा होता ते परतीच्या गाडीत बसले होते. मी जॉबशीटवर जुन्या आणि नव्या बोर्डाचा क्रमांक लिहून घेतला. टेक्निशियनने कोड मागितला. आई आतून म्हणाली, “परवा ये म्हणावं, आधी माझी मालिका होऊंदे.”